परीक्षक महोदय, समुद्र कुठं आहे ते मुलीला ठाऊक आहे

शालेय विज्ञान प्रदर्शनांच्या परीक्षकांना खुले पत्र

सन्माननीय परीक्षक,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की आपल्याकडे विज्ञान प्रदर्शनांचे दिवस येतात. आधी शाळेचं, मग तालुक्याचं, मग जिल्ह्याचं. तुम्ही आपापली कामं बाजूला ठेवून येता, तर्रीपोहे आणि चहावर दिवस काढता आणि टेबलामागून टेबलं पालथी घालत तीच ती पाठ केलेली भाषणं ऐकता. मी टेबलाच्या पलीकडची, पोरांच्या मागे भिंतीला टेकून उभी असलेली विज्ञान शिक्षिका. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. निकालाबद्दलही हे पत्र नाही, नंबर कोणाचा तरी यायचाच. तक्रार आहे ती तुम्ही जवळजवळ प्रत्येक टेबलावर विचारता त्या एका प्रश्नाबद्दल: "याचा आपल्याकडे काय उपयोग?"

यंदा एका प्रदर्शनात हा प्रश्न माझ्या आठवीतल्या एका मुलीच्या वाट्याला आला. तिच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘तरंगत्या शेवाळातले मासे’. परीक्षकांनी पाटी वाचली, हसले आणि म्हणाले, "बेटा, नागपुरात समुद्र कुठं आहे?"

"नाही आहे सर."

"मग?"

या ‘मग’चं उत्तर द्यायला ती तोंड उघडेपर्यंत ते शेजारच्या टेबलावर पोचले होते. तिथे ओला कचरा आणि सुका कचरा ओळखणारा डबा होता. डबा चांगला होता, मीही झाकण उघडून पाहिला. (आतला सेन्सर कोणी जोडला हे मी विचारलं नाही. तुमच्यापैकीही कोणी विचारलं नाही.) मुलीच्या कागदावर ‘समाजोपयोग’ या रकान्यात शून्य पडलं.

तिचं राहून गेलेलं उत्तर मी इथे लिहिते आहे. जरा लांबेल, पण आता पुढच्या टेबलाची घाई नाही.

अटलांटिक महासागराच्या उत्तर भागात सरगॅसो नावाचा समुद्र आहे. त्याला किनारा नाही. पश्चिमेला गल्फ स्ट्रीम, उत्तरेला उत्तर अटलांटिक प्रवाह, पूर्वेला कॅनरी प्रवाह आणि दक्षिणेला उत्तर विषुववृत्तीय प्रवाह, अशा चार वाहत्या पाण्यांच्या मधे तो आहे. त्याच्या पृष्ठभागावर सरगॅसम नावाचं पिवळसर तपकिरी शेवाळ तरंगतं. आपल्या मालवण-रत्नागिरीच्या खडकांवरही सरगॅसमच्या जाती वाढतात, पण त्या दगड धरून. सरगॅसोतल्या दोन जाती, नॅटन्स आणि फ्लुइटन्स, जन्मभर कशालाच चिकटत नाहीत. तुकडा मोडला की तोच वाढत राहतो, बस. पात्यांच्या मधे हवा भरलेल्या छोट्या छोट्या गोळ्या असतात. त्यांच्यामुळे ते बुडत नाही.

आता अशा समुद्रात बोटभर माशाला राहायचं आहे. खाली चार-पाच किलोमीटर पाणी. वरून समुद्रपक्षी टपलेले, खालून माही-माही आणि ट्यूना. लपायला दगड नाही, कपार नाही, चिखल नाही, आणि स्वच्छ पाण्यात दूरवरचं दिसतं. अशा जागी ताटाएवढा शेवाळाचा पुंजका मिळाला तरी पुष्कळ झालं. आडोसा तोच, शिकारीची जागा तीच, आणि अंडी चिकटवायचा आधारही तोच. उडते मासे आपली चिकट अंडी अशाच तरंगत्या वस्तूंना लावून जातात. सरगॅसमच्या आसपास माशांच्या 100 हून अधिक जाती सापडल्या आहेत. त्यांतले बरेचसे पाहुणे असतात. फाइलफिश, ट्रिगरफिश यांची पिल्लं तिथे लहानाची मोठी होतात आणि अंगात बळ आलं की निघून जातात. लॉगरहेड कासवांची पिल्लंही अमेरिकेच्या किनाऱ्यावर अंड्यातून निघून समुद्रात शिरली की या शेवाळात आसरा घेतात. वेळासच्या वाळूवरून कासवाची पिल्लं पाण्याकडे जाताना पाहायला आपली माणसं किती लांबून जातात. पाण्यात शिरल्यावर पुढे काय, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो.

पण माझ्या विद्यार्थिनीचं मन जडलं ते पाहुण्यांवर नाही, कायमच्या रहिवाशावर. त्याचं शास्त्रीय नाव हिस्ट्रिओ हिस्ट्रिओ. तो अटलांटिकपुरता नाही, हिंदी महासागरातही आहे. वाढला तर वीतभर, एरवी बराच लहान. अंगावर खवले नाहीत. त्याऐवजी कातडीचे फाटके-तुटके पदर लोंबतात, ते हुबेहूब शेवाळाच्या पात्यांसारखे. रंग पिवळा, तपकिरी, मधेच ऑलिव्ह, आणि तो शेवाळाच्या छटेप्रमाणे गडद किंवा फिका होतो. जुन्या सरगॅसमवर सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतींचे पांढरे ठिपके आणि जाळ्या बसतात. या माशाच्या अंगावर तसेच पांढरे ठिपके असतात. म्हणजे नक्कल नुसत्या शेवाळाची नाही, वापरून जुन्या झालेल्या शेवाळाची आहे. हे वाचून ती मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये धावत आली होती आणि दारातूनच ओरडली, "मॅडम, हा मासा पोहतच नाही जी, हातानं धरून बसते!"

खरंच तसं आहे. छातीजवळचे त्याचे पर हातासारखे वळतात. त्यांनी तो पात्या पकडतो आणि फांदीवरून फांदीवर चढावं तसा शेवाळातून सरकत जातो. घाई असली तर कल्ल्यांमागच्या छिद्रांतून पाणी जोरात सोडून पुढे ढकलला जातो. डोक्यावर आमिषासारखा एक बारीक तुरा असतो, तो हलवून भक्ष्य जवळ आणतो आणि तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. आपल्याएवढा मासासुद्धा तो गिळतो. आपल्याच जातीचाही सोडत नाही, त्यामुळे एका पुंजक्यात दोघांचा संसार फार काळ टिकत नाही. खालून मोठा मासा आला तर उडी मारून तो थेट शेवाळाच्या वर, हवेत, काही वेळ पडून राहू शकतो. मादी अंडी घालते ती एका जेलीसारख्या पट्ट्यात, आणि तो पट्टाही तरंगतो.

एवढी सगळी सोय एका शेवाळावर अवलंबून ठेवण्यात धोका आहेच. शेवाळ जुनं होतं, त्यावर कवचवाल्या प्राण्यांचं ओझं वाढतं आणि एक दिवस ते खाली जातं. नाहीतर वाऱ्याने किनाऱ्यावर जाऊन पडतं. ज्याला नीट पोहता येत नाही त्याने घर बदलायचं कसं, हा मुलीच्या वहीतला तिसरा प्रश्न होता. तुमच्यापैकी कोणी वही उघडली असती तर दिसला असता.

आणि आता ‘मग?’कडे येते.

ती इंटरनेटवरून चित्रं छापून बसली नव्हती. तिने विचार केला की समुद्र नाही, पण तरंगणारं काहीतरी आपल्याकडेही आहे. आमच्या भागातल्या तलावात जलकुंभी आहे. अंबाझरीची जलकुंभी पेपरात आली म्हणून सगळ्यांना माहीत झाली, पण गावोगावच्या तळ्यांत ती केव्हाची मांड ठोकून बसलेली आहे. तलावावर मासे धरणाऱ्या एका ढीवर काकांना तिने गळ घातली. त्यांनी डोंग्यातून तीन ठिकाणचं बादलीभर आणून दिलं: मोकळं पाणी, काठाजवळची सुटी सुटी जलकुंभी आणि मधल्या दाट थराखालचं. शाळेच्या व्हरांड्यात पांढऱ्या ट्रेमध्ये आम्ही ते ओतलं. मोकळ्या पाण्यात जवळपास काही नव्हतं. सुट्या झाडांची मुळं ट्रेवर झटकली तर पोरं किंचाळली. नखाएवढे झिंगे, गोगलगायी, चतुराच्या अळ्या, पाठीवर उलटे पोहणारे किडे आणि बोटाच्या पेराएवढे, काचेसारखे आरपार मासे. काळ्या दोरीसारख्या मुळांत एक झिंगा इतका बेमालूम बसला होता की तो हलला तेव्हाच दिसला. तिसऱ्या बादलीला वास येत होता. मुळं तीच, जागा आडोशाची, पण राहणारं जवळजवळ कोणी नाही. दाट थराखाली उजेड पोचत नाही, सडणारी पानं पाण्यातला प्राणवायू संपवतात. हे मी तिला आधी सांगितलं नव्हतं. तिनेच विचारलं, "मॅडम, जास्त झालं की घराचं काय होते?"

गंमत अशी की सरगॅसमच्या शास्त्रज्ञांपुढे सध्या हाच प्रश्न आहे. 2011 पासून पश्चिम आफ्रिकेकडून कॅरिबियन समुद्रापर्यंत सरगॅसमचा एक प्रचंड पट्टा जवळपास दरवर्षी दिसू लागला. 2018 मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून त्याची लांबी 8,850 किलोमीटर आणि वजन 2 कोटी टनांहून जास्त भरलं. आपला नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग साडेबारा वेळा एकापुढे एक ठेवला तर तेवढी लांबी होते. हे शेवाळ बेटांच्या किनाऱ्यावर ढिगाने येऊन पडतं, सडतं, हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो, मासेमारीच्या होड्या अडकतात. खोल समुद्रात जे घर होतं तेच किनाऱ्याला लागलं की कचरा, आणि आतले लहान मासे त्याच्याबरोबर वाळूवर. आपली जलकुंभी मुळात दक्षिण अमेरिकेची, इथली नाही, आणि सरगॅसम त्याच्या समुद्रात मूळचंच. दोन्ही गोष्टी एक नव्हेत, हे तिच्या तक्त्यावर वेगळ्या रंगात लिहिलं होतं. पण तरंगत्या आडोशाचा फायदा कुठपर्यंत आणि नुकसान कुठून, हा प्रश्न तिने समुद्रावरून उचलला आणि नागपुरातल्या तळ्यावर तपासला.

असं तपासणं विज्ञानात नवं नाही. 1927 साली आयर्व्हिंग लँगम्युअर नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ जहाजाने अटलांटिक ओलांडत होते. त्यांना दिसलं की सरगॅसम पाण्यावर कसंही पसरलेलं नाही, वाऱ्याच्या दिशेने लांबच लांब समांतर रांगांत लागलेलं आहे. वारा फिरला की रांगाही थोड्या वेळात नव्या दिशेने लागतात. ते मूळचे रसायनशास्त्राचे, 1932 मध्ये नोबेलही त्यांना त्याच विषयातलं मिळालं. समुद्र त्यांचा विषय नव्हता. पण त्यांनी हे डोक्यात ठेवलं आणि न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्ज या तलावावर जाऊन प्रयोग केले. 1938 मध्ये त्यांनी उत्तर छापलं. वारा वाहत असताना पृष्ठभागाखालचं पाणी वाऱ्याच्या दिशेत लांबट गुंडाळ्यांसारखं फिरत असतं, शेजारच्या दोन गुंडाळ्या एकमेकींच्या उलट. जिथे दोन गुंडाळ्यांचं पाणी पृष्ठभागावर समोरासमोर येऊन भेटतं तिथे ते खाली जातं आणि तरंगणारं शेवाळ मात्र वरच अडकून रांगेत जमतं. आज या प्रकाराला त्यांच्याच नावाने ओळखतात. लहान माशांची वस्ती अशी ओळीत लागते आणि मोठे मासे त्या ओळीच्या कडेकडेने फिरतात, म्हणून तिकडचे कोळीही आधी शेवाळाची ओळ शोधतात.

प्रश्न महासागरातला, प्रयोग तलावातला. लँगम्युअरना कोणी ‘समाजोपयोग’चा रकाना भरायला लावला नाही, हे त्यांचं नशीब. जूनमध्ये वारा सुटला की फुटाळा तलावाच्या कठड्यावर उभं राहून फेस आणि पानं कशी लागतात ते कधी पाहा. एखाद्या पोराला सोबत न्या.

याच्या उलटही इतिहास आहे. सप्टेंबर 1492 मध्ये कोलंबसची जहाजं या शेवाळात शिरली. शेवाळात एक जिवंत खेकडा सापडला आणि कोलंबसने तो जमीन जवळ आल्याची खूण मानून जपून ठेवला. जमीन दिसायला 12 ऑक्टोबर उजाडला. खेकडा खुल्या समुद्रातल्या शेवाळातच राहणारा होता, किनाऱ्याशी त्याचा संबंध नव्हता. शेवाळ म्हणजे किनारा, असं घरून ठरवून आलं की खेकडा हातात असूनही त्याला विचारायचं राहून जातं. आज त्या जातीला कोलंबस खेकडा म्हणतात, यात थोडा खोडसाळपणाही असावा.

नागपूरकरांना समुद्राचं काय, असं म्हणताना आपण आणखी दोन गोष्टी विसरतो. आपण मुलांच्या सहली काढून गांधीसागराजवळच्या ज्या रमण विज्ञान केंद्रात नेतो, त्या रमणांनी 1910 च्या सुमारास सरकारी वित्त खात्यात असताना नागपुरातही नोकरी केली. आणि त्यांचा सगळ्यांत गाजलेला शोध सुरू झाला तो समुद्रावरूनच. 1921 मध्ये इंग्लंडहून परतताना भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून त्यांनी आकाशाच्या प्रतिबिंबाचं तयार उत्तर मानलं नाही. परावर्तित उजेड प्रिझमने अडवून पाहिला, पाणी तरी निळंच होतं. दुसरं म्हणजे, राज्याचं पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, आपली माफसू, 2000 पासून याच शहरात आहे. मुंबईत नाही, रत्नागिरीत नाही. माशांचा विषय नागपूरला परका, हे म्हणायला आपल्याला तोंड नाही.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. चार-पाच मिनिटांत एक टेबल संपवायचं असतं. बाजारातून आणलेले तयार प्रकल्प, यूट्यूबवरून उतरवलेली ज्वालामुखीची मॉडेलं बघून तुम्हीही कंटाळता, आणि ‘आपल्याकडे उपयोग काय’ हा प्रश्न त्या उसनेपणाला चाळणी लावायला म्हणूनच आला असणार. हेतू चांगला. पण त्याचा परिणाम बघा. दरवर्षी तोच कचऱ्याचा डबा, तीच पाऊस आल्यावर वाजणारी घंटी, इंजेक्शनच्या सिरिंजवर उचलणारा तोच पूल. मुलं हुशार आहेत. कशाला गुण मिळतात ते त्यांना तुमच्याआधी कळतं. उसनेपणा गाळायला निघालेल्या चाळणीने उसनेपणा ठेवला आणि प्रश्न गाळला. प्रदर्शन संपल्यावर एका परीक्षकांनी मला बाजूला घेऊन सुचवलं की पुढच्या वेळी तिला जलकुंभीपासून खत बनवायला लावा, नंबर येईल. खत बनवण्यात वाईट काहीच नाही, मी स्वतः घरी गच्चीवर बनवते. पण झटकलेल्या मुळांतून झिंगा उडताना पाहून जिला समुद्र आठवला, तिला खत बनवायला बसवणं मला जमणार नाही.

तेव्हा विनंती एवढीच. टेबलापुढे उभं राहिलात की पहिला प्रश्न ‘उपयोग काय’ हा ठेवू नका, ‘तुला हे कसं कळलं?’ हा ठेवा. उसना प्रकल्प या प्रश्नापुढे लगेच उघडा पडतो, हा माझा वर्गातला रोजचा अनुभव आहे. कचऱ्याच्या डब्यालाही हाच प्रश्न विचारा. विषय लांबचा असला तर मुलाने तो जवळ कुठे, कशावर तपासला ते विचारा, आणि काहीच तपासलं नसेल तर खुशाल गुण कापा, मी भांडायला येणार नाही. वही मागून घ्या. पाटी आणि मॉडेल पालक सजवतात, वहीतली खाडाखोड सहसा मुलाचीच असते. आणि गुणांचा कागद तयार करणाऱ्या मंडळींपैकी कोणी हे वाचत असेल तर, ‘समाजोपयोग’ हा रकाना हवाच असेल तर राहू द्या, पण त्याच्या बरोबरीने ‘प्रश्न आणि पडताळणी’ असा एक रकाना असू द्या, आणि त्याला गुण कमी नसू द्या. पुढच्या प्रदर्शनाआधी परीक्षकांची जी बैठक होते तिच्यात हा मुद्दा घ्यावा. बोलावलंत तर मी तीन बादल्यांच्या नोंदींची वही घेऊन येते. मुलीलाही आणते, कारण तिसऱ्या बादलीबद्दल तुम्ही विचाराल ते माझ्यापेक्षा तिला जास्त नीट सांगता येईल.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका, नागपूर